गिरणी आपली, दळण परगावचं : दूरसंचार विभाग आणि ट्राय यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, दूरसंचार विभाग, आणि
मा. अध्यक्ष, भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

महोदय,

मी पुण्याला हडपसरमध्ये राहते. चौदा वर्षं मी अशा एका कंपनीत नोकरी केली, जिचं नाव तिची सेवा वापरणाऱ्यांना कधीच कळलं नाही. ते कळू नये, हेच आमचं कसब होतं. अँटवर्पमधल्या एखाद्या बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून दहा युरोचा रिचार्ज घेतला की तो त्यांच्या खात्यावर चढवायचा, त्यांनी मोरोक्कोतल्या आईला फोन लावला की सेकंद मोजायचे, पैसे संपत आले की मेसेज पाठवायचा, हे सगळं आमच्या यंत्रणेवर चालायचं. सिमवर नाव भलत्याच ब्रँडचं. त्या ब्रँडचा स्वतःचा एकही टॉवर नव्हता. टॉवर तिसऱ्याच कंपनीचे. आणि रात्री अडीच वाजता काही बिघडलं की निस्तरायला पुण्यात आम्ही बसलेलो असायचो, चहाचा थर्मास शेजारी ठेवून.

अशा बिनटॉवरच्या ब्रँडला आभासी मोबाइल ऑपरेटर म्हणतात. आपल्या कागदपत्रांत त्याचं नाव ‘व्हीएनओ’, म्हणजे व्हर्च्युअल नेटवर्क ऑपरेटर. त्याची सगळी मागची बाजू सांभाळते ती इनेबलर कंपनी. मी काय काम करते हे सासूबाईंना सांगताना मला गिरणी आठवली. शेत एकाचं, गिरणी दुसऱ्याची आणि भाकरी थापणारी तिसरी. डबा नेऊन ठेवायचा, किलोमागे पैसे द्यायचे, पीठ घेऊन यायचं. भाकरी करायची तर आधी घरात गिरणी बसवा, अशी अट कोणी घालत नाही. त्यांना पटलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मग आपल्याकडे असं सिम का मिळत नाही?” त्याचं धड उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली. सांगली जिल्ह्यात माझं माहेर आहे. तिथल्या एका दूध संस्थेचं संगणकाचं काम मी बिनपगारी बघते. संस्थेचे काही हजार सभासद आहेत. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध येतं, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, सभासदाच्या मोबाइलवर लिटर आणि दराचा मेसेज जातो आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. त्या बिलातून पशुखाद्याची पोती वळती होतात, डॉक्टरांची फी वळती होते, दिवाळीचं तूपसुद्धा वळतं होतं. फक्त मोबाइलचा रिचार्ज वळता होत नाही. हातात पैसे नसले की सिम बंद पडतं, मग मेसेज जात नाही, आणि सभासद दुसऱ्या दिवशी केंद्रावर येऊन वाद घालतो की माझं फॅट कमी लावलं.

वार्षिक सभेत एका म्हाताऱ्या सभासदांनीच विषय काढला: संस्थेचंच सिम का असू नये? बोलण्यापुरतं, थोड्या डेटाचं, पैसे दूध बिलातून. मी मागच्या रांगेत बसले होते. चौदा वर्षं परदेशातल्या सुपरमार्केटांना, फुटबॉल क्लबांना आणि स्थलांतरितांच्या दुकानांना जे उभं करून दिलं, ते नेमकं हेच होतं. मी हात वर केला.

ते धाडस होतं हे आता कळतंय.

इनेबलरची अडचण आली नाही. सिमची नोंदणी, प्रीपेड खात्याचा हिशेब, रिचार्ज, केवायसीचं सॉफ्टवेअर, नंबर पोर्ट करून आणणं, तक्रार केंद्र, पोलीस किंवा तपास यंत्रणांना कायद्याने द्यावी लागणारी माहिती, हे सगळं त्यांच्याकडे तयार होतं. संस्थेने यंत्रं विकत घ्यायची नव्हती. सुरुवातीला जोडणीचा खर्च आणि पुढे दर चालू सिममागे दरमहा ठरलेली रक्कम. सिम कमी तर बिल कमी. दूध बिलाच्या सॉफ्टवेअरशी त्यांची यंत्रणा जोडायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं तेव्हा समोरचा मुलगा हसला. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही हे स्वतः केलेलं आहे.

अडलं ते नेटवर्कपाशी. एका मोठ्या कंपनीला आम्ही घाऊक दर मागणारं पत्र दिलं. महिने गेले. मी दोनदा पुण्याच्या त्यांच्या कार्यालयात जाऊन आले. तोंडी उत्तर मिळालं की तुम्हाला कॉर्पोरेट प्लॅन देऊ, शंभर सिमवर सवलत आहे. लेखी उत्तर आजतागायत नाही. मी त्या कंपनीला दोष देत नाही, कारण तिने कुठलाच नियम मोडलेला नाही. नियमच तसा आहे. तो आपण केला, म्हणून हे पत्र आपल्याला.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार. आभासी ऑपरेटर असावेत अशी शिफारस ट्रायने २००८ मध्ये केली. पुन्हा १ मे २०१५ ला केली. दूरसंचार विभागाने ३१ मे २०१६ ला परवान्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आणि त्यात नेटवर्क कंपनी व आभासी ऑपरेटर यांच्यातल्या अटी ‘परस्पर सहमती’वर सोडल्या. एका बाजूला देशभर टॉवर असलेली कंपनी, दुसऱ्या बाजूला एक दूध संस्था. यांच्यात परस्पर काय होणार? आज दोन कंपन्यांकडे मिळून देशातले सत्तर टक्क्यांहून जास्त मोबाइल ग्राहक आहेत. त्यांनी आपल्याच ग्राहकाचा हिस्सा घाऊक भावाने दुसऱ्याला का द्यावा? परवाने घेतलेले आहेत, पण बहुतांश घरगुती इंटरनेट पुरवणाऱ्यांनी. दुकानात जाऊन आभासी ऑपरेटरचं मोबाइल सिम मागून बघा, दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील. २००८ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसबरोबर व्हर्जिन मोबाइल आलं होतं, इनकमिंगच्या मिनिटाला दहा पैसे देणारं. कॉलेजातली पोरं एकमेकांना मुद्दाम फोन लावायची. पण तो ब्रँडपुरता करार होता, खरा आभासी ऑपरेटर नव्हे, आणि पुढे तोही विरून गेला. तमिळनाडूत बीएसएनएलच्या नेटवर्कवर एरोव्हॉइस नावाचा प्रयोग झाला, त्याचा आवाज तामिळनाडूबाहेर फारसा आला नाही.

इतर देशांनी हे परस्परांवर सोडलं नाही. जपानमध्ये घाऊक दरावरून एका छोट्या कंपनीचा एनटीटी डोकोमो या बड्या नेटवर्क कंपनीशी वाद झाला, तेव्हा २००७ मध्ये थेट मंत्र्यांनी निवाडा दिला. दक्षिण कोरियाने २०१० मध्ये कायद्यातच सोय केली की सगळ्यांत मोठ्या नेटवर्कने घाऊक सेवा द्यायलाच हवी, आणि दर ठरवताना सरकार छोट्यांच्या बाजूने टेबलावर बसलं. तिथे या सिमला लोक ‘काटकसरी फोन’ म्हणतात. २०१३ पासून ते पोस्टात मिळू लागले. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांच्या जोडण्या एक कोटीच्या वर गेल्या, आणि तो देश महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी लोकवस्तीचा आहे. कूकमिन या मोठ्या बँकेनेही २०१९ मध्ये स्वतःचं सिम काढलं. बँकेने कुठे टॉवर उभारले? आपल्याकडच्या पतसंस्थेने किंवा पोस्टाने हे का करू नये, याचं तांत्रिक कारण कोणी मला सांगितलं तर मी हे पत्र मागे घेईन.

दुसरी तक्रार माझ्या पोटापाण्याच्या धंद्याबद्दल आहे, त्यामुळे जरा लांबेल. २०१६ च्या सूचना वाचल्या तर त्यात दोनच पात्रं दिसतात: नेटवर्कवाला आणि आभासी ऑपरेटर. गिरणीवाला कुठेच नाही. छोट्या ऑपरेटरचा खर्च कुठे जातो हे ज्याने पाहिलंय, त्याला हे विचित्र वाटेल. एक उदाहरण देते. आमच्या एका परदेशी ग्राहकाचं घाऊक बिल आणि आमच्या नोंदी दर महिन्याला जुळत नव्हत्या. तीन रात्री बसून आम्ही शोधलं. नेटवर्क कंपनी डेटाचं प्रत्येक सत्र वरच्या टप्प्याला पूर्ण करून मोजत होती, आणि हा ऑपरेटर आपल्या गिऱ्हाइकाला वापरलं तेवढंच लावत होता. माणसामागे फरक काही सेंटचा, पण त्याचा सगळा नफा त्या सेंटांतच होता. करार बदलून घेतला तेव्हा धंदा वाचला. असा हिशेब जुळवणारी माणसं काही हजार ग्राहकांच्या ऑपरेटरने पगारावर ठेवायची म्हटली तर पहिल्याच वर्षी कुलूप लागेल. आम्ही मात्र तेच काम वीसेक ब्रँडसाठी करायचो. एकाकडे सापडलेली चोरी दुसऱ्याकडे होण्याआधी बंद करायचो. परदेशातल्या महागड्या नंबरांवर रात्रीतून हजारो फोन लावायची जुनी लबाडी आहे; ती एका ब्रँडवर दिसली की दहा मिनिटांत सगळ्यांकडे कुलूप. नेटवर्कशी जोडणी एकदाच तपासलेली, म्हणून नवा ब्रँड वर्षाऐवजी काही महिन्यांत उभा राहायचा. त्याने आपलं डोकं गिऱ्हाईक, दुकान आणि भाव यांत घालायचं, बाकी आमच्यावर सोडायचं.

आणि हे ज्ञान परकं नाही, हेच मला सलतं. चेन्नईची प्लिंट्रॉन हेच काम कितीतरी देशांत करते. मुंबईच्या टाटा कम्युनिकेशन्सने २०१८ मध्ये टेलीना ही नेदरलँड्समधली इनेबलर कंपनी विकत घेतली. मगरपट्ट्यात ॲमडॉक्सचं केंद्र आहे, जगभरच्या मोबाइल कंपन्यांची बिलिंगची यंत्रणा घडवणारं. आपला भाचा लंडनला शिकायला गेला तर पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात लायका किंवा लेबारा अशा बिनटॉवरच्या ब्रँडचं सिम असतं. त्या धंद्याच्या मागच्या खोल्या चालवण्याचं कसब पुण्या-चेन्नईत आहे. इथल्या दुधवाल्याला तेच मिळत नाही.

आउटसोर्सिंगची भीती वाटते म्हणावं, तर तीही आपल्याकडे नवी नाही. २००४ मध्ये भारती एअरटेलने आपली संगणक यंत्रणा आयबीएमला आणि नेटवर्कची उभारणी-देखभाल एरिक्सन, नोकिया आणि सीमेन्सला देऊन टाकली. पैसे यंत्रांच्या किमतीवर नव्हे, वापरलेल्या क्षमतेवर आणि उत्पन्नाच्या वाट्यावर. अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पुढे जगभरच्या व्यवस्थापन शाळांत तो धडा म्हणून शिकवला गेला. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येऊ लागला, ते कामही आपणच देशाचे दोन भाग करून दोन बाहेरच्या कंपन्यांना परवान्याने दिलं. म्हणजे दोन स्पर्धक ऑपरेटरांच्या मधोमध बसणारा तिसरा विश्वासू माणूस आपल्याला चालतो. आमच्या नागरी सहकारी बँकांचं बघा. कित्येक छोट्या बँका मोठ्या बँकेच्या आधाराने एनईएफटी आणि यूपीआय देतात, कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने घेतात. रिझर्व्ह बँकेने त्यांना ‘आधी डेटा सेंटर बांधा’ असं सांगितलं असतं, तर निम्म्या गावांत आजही पासबुक हाताने भरलं गेलं असतं. पैशाच्या बाबतीत जे चालतं, ते मिनिटांच्या बाबतीत का चालू नये?

तिसरी तक्रार छोटी आहे. मोबाइलच्या आभासी ऑपरेटरला एका सर्कलमध्ये, म्हणजे परवान्यासाठी आखलेल्या एका भागात, एकाच नेटवर्कशी बांधून घ्यावं लागतं. नेटवर्कला मात्र हवे तेवढे आभासी ऑपरेटर. मग घासाघीस कशाच्या जोरावर करायची? शिवाय इतर नेटवर्कशी जिथे जोडणी होते ती गेटवेची यंत्रं त्याने स्वतः ठेवायची नाहीत, असंही सूचनांत आहे. म्हणजे मोठं व्हायचा रस्ताही बंद.

चौथी तक्रार सर्कलची. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे, पण मुंबई नाही. कल्याण आणि नवी मुंबईही मुंबईत धरली जातात. सांगलीच्या सभासदाचा मुलगा माथाडी म्हणून वाशीला असतो. त्याला संस्थेचं सिम द्यायचं तर दुसऱ्या सर्कलचा परवाना. आमच्या दुधाचा टँकर रोज वाशीला जातो, आमचं सिम जाणार नाही.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून सांगते. जुलै २०२४ मध्ये सगळ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा १५५ रुपयांचा प्लॅन १८९ झाला. मग ज्यांना डेटा नकोच त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएसचं व्हाउचर द्या, असा आदेश ट्रायला डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून काढावा लागला. चांगलंच केलंत. पण साध्या बटनाच्या फोनसाठी प्लॅन हवा म्हणून दिल्लीत नियम करावा लागतो, याचा अर्थ त्या गिऱ्हाइकाकडे बघायला बाजारात कोणी उरलेलं नाही. आमच्या सभेतले ते आजोबा हाच प्लॅन मागत होते. पंधरा-वीस आभासी ऑपरेटर असते तर त्यातल्या एकाने तरी तो आपणहून विकला असता.

सुरक्षेचा मुद्दा कोणी काढेल म्हणून आधीच बोलते. बोगस सिमचा प्रश्न खरा आहे. पण १ जानेवारी २०२४ पासून कागदी केवायसी बंद झाली, सिम विकणाऱ्याची नोंदणी सक्तीची झाली. दहा छोट्या ऑपरेटरांनी दहा प्रकारची केवायसी बसवण्यापेक्षा आपण तपासून मान्यता दिलेल्या दोन-तीन इनेबलरांच्या यंत्रणेवर ती झालेली आपल्यालाच बरी. नियंत्रण ठेवायची दारं कमी होतात.

आणि माझ्याच धंद्याविरुद्ध एक गोष्ट कबूल करते. गिरणीवाला माजू शकतो. सिममधल्या गुप्त चाव्या आणि ओळख क्रमांक इनेबलरकडे किंवा नेटवर्ककडे असतात. इनेबलर बदलायचा तर सगळ्यांची सिम बदलावी लागू शकतात. मी असे करार पाहिलेत ज्यात बाहेर पडायचं कलमच नव्हतं, आणि ऑपरेटरच्या मालकाला ते भांडण झाल्यावर कळलं. म्हणूनच मला इनेबलर नियमाबाहेर ठेवायचे नाहीत. ते नियमात यायला हवेत.

मागण्या अशा आहेत.

नेटवर्क कंपनीने घाऊक सेवेच्या लेखी मागणीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावं, आणि नकाराचं कारण ट्रायला कळवावं. एवढं तरी लगेच करता येईल. याला फार खल लागत नाही.

सगळ्यांत मोठ्या नेटवर्कांनी घाऊक दरपत्रक जाहीर करावं. तो दर त्यांच्याच किरकोळ प्लॅनपेक्षा महाग नसावा. ते जमत नसेल तर सुरुवात सरकारच्या घरातून व्हावी. २७ सप्टेंबर २०२५ ला झारसुगुड्यात पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या ९२,६०० हून जास्त फोर-जी टॉवरांचं लोकार्पण केलं. देशी तंत्रज्ञानावर उभं राहिलेलं हे नेटवर्क जनतेच्या पैशाचं आहे. त्याचं घाऊक दरपत्रक संकेतस्थळावर लावा. कुठल्याही सहकारी संस्थेला, महिला बचतगटांच्या संघाला किंवा पोस्टाला ते वाचून आकडेमोड करता यावी.

इनेबलर आणि घाऊक मिनिटं घेऊन छोट्यांना वाटणारा मध्यस्थ, या दोघांसाठी हलकी नोंदणी ठेवा. त्यांची यंत्रणा एकदा तपासली की तिच्यावरच्या प्रत्येक ऑपरेटरची पुन्हा तीच तपासणी नको. त्या नोंदणीत एक अट अशी घाला की ऑपरेटर सोडून गेला तर ग्राहकांच्या नोंदी ठरलेल्या मुदतीत त्याच्या हाती द्याव्या लागतील.

एका सर्कलमध्ये एकाहून जास्त नेटवर्क घेण्याची मुभा द्या. महाराष्ट्र आणि मुंबईसाठी सहकारी संस्थांना एकच अर्ज असावा.

दूरसंचार कायदा, २०२३ नुसार परवान्यांची सगळी रचना नव्याने होते आहे, ट्रायने त्यावर १८ सप्टेंबर २०२४ ला शिफारशी दिलेल्या आहेत. २००८ पासूनची ही तिसरी संधी. नियमांत ‘परस्पर सहमती’ हे दोन शब्द पुन्हा तसेच आले, तर पुढच्या दहा वर्षांचंही उत्तर मिळालं असं मी समजेन.

या वर्षीच्या सभेत आमचा विषय पुन्हा येणार आहे. गेल्या खेपेच्या इतिवृत्तात सचिवांनी लिहिलं होतं, “संस्थेच्या सिमबाबत संबंधित कंपनीच्या उत्तराची प्रतीक्षा आहे.” यंदा तिथे काय लिहायचं, तेवढं कळवावं.

आपली विश्वासू,
एक बिलिंगवाली
हडपसर, पुणे